पत्त्यात डेटन, पण डेटनचे नव्हे: ओहायोतल्या मराठी शेजाऱ्यांना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या त्या पावसात आमच्या गल्लीच्या टोकाची रस्त्याखालची मोरी तुंबली आणि दोन मराठी घरांच्या तळघरांत पाणी शिरलं. त्यानंतर आपल्या व्हॉट्सअॅप गटावर तीन दिवस काय चाललं होतं ते आठवत असेलच. एकाने लिहिलं, "थेट मेयरला पत्र टाका." दुसरा म्हणाला, "मेयर काय करणार? कमिशनरला गाठा, सगळं त्याच्या हातात असतं." तिसऱ्याचा प्रश्न, "पण इथे आपला नगरसेवक कोण?" शेवटी मीच पुढे झालो. आमच्या घरात अर्ज लिहिण्याचा अनुभव पिढीजात आहे. वडिलांचं निम्मं आयुष्य सांगलीत कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर अर्ज धरून उभं राहण्यात गेलं. मी मसुदा केला, अकरा सह्या घेतल्या, फोटो जोडले आणि डेटनच्या सिटी हॉलला पाठवून दिला. दोन दिवसांत चार ओळींचं नम्र उत्तर आलं. तुमचं घर आमच्या हद्दीत येत नाही.

बावीस वर्षं मी "डेटनला असतो" म्हणून सांगत आलोय. पत्त्यात डेटन, लग्नपत्रिकांवर डेटन, आईच्या वहीत डेटन. ते पोस्टखात्याचं डेटन निघालं. टपाल कुठून वाटायचं एवढंच त्या नावावरून कळतं. शहराची हद्द आपल्या घराच्या कितीतरी अलीकडे संपते. १९६० मध्ये २,६२,३३२ लोकसंख्या असलेलं हे शहर २०२० च्या जनगणनेत १,३७,६४४ वर आलं. बाकीची माणसं कुठे गेली? पुष्कळशी आपण राहतो तिथेच, म्हणजे शहराभोवतीच्या गावांत. आपल्यापैकी कोणी सेंटरव्हिलला आहे, कोणी बीव्हरक्रीकला, कोणी केटरिंगला, कोणी फेअरबॉर्नला. आणि माझ्यासारखे कित्येक जण कुठल्याच शहरात राहत नाहीत, ते वॉशिंग्टन टाउनशिपमध्ये राहतात. यातल्या प्रत्येक ठिकाणचा कारभारी वेगळा आहे. त्या उत्तरानंतर मी जरा खोलात शिरलो. जे सापडलं ते गटावर लिहायला लागलो तर खाली पाककृती आणि शुभ सकाळ येऊन ते वाहून जाईल, म्हणून हे पत्र.

आधी डेटनबद्दल. आपण त्या शहरात मत देत नसलो तरी आपले पगार, आपलं पाणी आणि आपले विनोद, तिन्ही तिथूनच येतात.

"कमिशनरला गाठा" असं लिहिणाऱ्या मित्राची चूक नव्हती. आपल्या डोक्यात कमिशनर म्हणजे आयुक्त: राज्य सरकारने पाठवलेला सनदी अधिकारी, ज्याच्या सहीशिवाय पालिकेतलं पान हलत नाही. डेटनमध्ये कमिशनर म्हणजे निवडून आलेला माणूस. मेयर धरून असे पाच जण असतात, त्या पाचांचं मिळून सिटी कमिशन. आपल्या आयुक्तासारखं काम करणारा जो असतो त्याला इथे सिटी मॅनेजर म्हणतात, आणि त्याला राज्याची राजधानी कोलंबस पाठवत नाही. हे पाच जण त्याला नेमतात आणि नको झाला तर हेच पाच जण त्याला घरी पाठवतात. अंदाजपत्रक तो मांडतो, खातेप्रमुख तो नेमतो, पोलिस आणि अग्निशमन दल त्याच्या हाताखाली चालतं. मेयर थेट लोकांतून निवडून येतो, फीत कापायलाही तोच जातो, पण सभागृहात त्याचं मत इतर चौघांइतकंच, एक. सांगली-मिरज-कुपवाडचा महापौर नाममात्र आणि आयुक्त खरा, ही तक्रार ऐकत आपण वाढलो. इथे ती व्यवस्था मुद्दाम तशी बांधलेली आहे. फरक एवढाच की मॅनेजरची दोरी स्थानिक लोकांच्या हातात आहे. हा फरक छोटा नाही.

ही बांधणी झाली पुरातून. मी कृष्णाकाठचा, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच भिडते.

२३ मार्च १९१३, ईस्टरचा रविवार. त्या दिवसापासून पाऊस लागला. २५ तारखेला ग्रेट मायमी नदीचे बांध फुटले आणि शहराच्या मध्यभागी काही ठिकाणी वीस फुटांपर्यंत पाणी चढलं. सगळ्या मायमी खोऱ्यात ३६० हून अधिक माणसं गेली. लोक माळ्यांवर, छपरांवर अडकले. त्यांना काढायला होड्या आल्या त्या पालिकेच्या नव्हत्या. नॅशनल कॅश रजिस्टर या गल्लापेट्यांच्या कारखान्याचा मालक जॉन पॅटरसन याने आपल्या सुतारांना सपाट तळाच्या होड्या ठोकायला बसवलं आणि कारखान्यातच निवारा उघडला. मजा अशी की हा गृहस्थ तेव्हा शिक्षा झालेला आरोपी होता. धंद्यातल्या स्पर्धकांना चिरडल्याच्या खटल्यात त्याला महिन्याभरापूर्वीच एक वर्षाची कैद सुनावली होती. पुढे ती वरच्या न्यायालयात रद्द झाली. पण मार्चमध्ये तो शहराचा तारणहार होता, आणि शहर कारखान्यासारखं चालवा असं तो १८९६ पासून सांगत होता.

त्याच्या सुदैवाने वेळ जुळून आली. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये ओहायोच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन शहरांना स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची नियमावली, स्वतः लिहिण्याचा अधिकार मिळाला होता. त्याआधी प्रत्येक शहराने राज्याने आखून दिलेल्या साच्यातच बसायचं. पुराच्या चिखलातून उठलेल्या डेटनने १९१३ च्या ऑगस्टमध्ये नवी सनद मंजूर केली आणि १ जानेवारी १९१४ पासून ती लागू झाली. मॅनेजर नेमण्याची कल्पना नवी नव्हती. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनने १९०८ मध्ये आणि दक्षिण कॅरोलिनातल्या समटरने १९१२ मध्ये ती वापरून पाहिली होती. पण ती दोन्ही लहान गावं. मोठ्या शहराने हे धाडस करण्याची ही पहिलीच वेळ. पहिला मॅनेजर हेन्री वेट, सिनसिनाटीचा शहर अभियंता, बाहेरून आणलेला. त्याच वर्षाच्या शेवटी देशभरातले आठ सिटी मॅनेजर एकत्र जमले आणि त्यांनी आपली संघटना काढली, तीही कुठे, तर आपल्या शेजारच्या स्प्रिंगफील्डमध्ये. आज अमेरिकेत हजारो गावं आणि शहरं या पद्धतीने चालतात.

त्याआधी टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनमध्येही असंच घडलं होतं. १९०० सालच्या वादळाने शहर धुऊन नेलं आणि त्यातून निवडून आलेल्या पाच जणांनी एकेक खातं वाटून घेण्याची पद्धत निघाली. पाणी गळ्यापर्यंत आल्याशिवाय माणसं कारभाराची पद्धत बदलत नाहीत, असं दिसतं. आमच्याकडे २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. पण हा विषय इथे काढला तर पत्र संपणार नाही.

आता या सुंदर यंत्राची दुसरी बाजू. ती तुम्हाला शहराच्या माहितीपत्रकात मिळणार नाही. जुन्या पद्धतीत डेटनमध्ये प्रभाग होते. नव्या सनदेने प्रभाग पुसले आणि पाचही जागांसाठी सगळ्या शहराने मत द्यायचं ठरलं. पक्षाचं नावही मतपत्रिकेवरून गेलं. १९११ मध्ये समाजवादी पक्षाला साधारण २५ टक्के मतं होती आणि कामगार वस्त्यांतून त्यांचे दोन नगरसेवक आले होते. १९१७ मध्ये त्यांची मतं ४४ टक्क्यांवर गेली आणि जागा मिळाल्या शून्य. शहर कारखान्यासारखं चालवायचं म्हटलं की कामगारांची खुर्ची आपोआप बाहेर जाते. नदीच्या पश्चिमेला राहणाऱ्या कृष्णवर्णीय वस्तीलाही याचा फटका बसला. त्यांच्यातला पहिला कमिशनर १९६१ मध्ये आला आणि जेम्स मॅगी हे पहिले कृष्णवर्णीय मेयर १९७० मध्ये. प्रभाग आजही नाहीत. म्हणून "आपला नगरसेवक कोण?" या प्रश्नाला डेटनमध्ये राहणाऱ्यालाही सरळ उत्तर नाही. पाचही जण सगळ्यांचे. आणि जो सगळ्यांचा असतो त्याच्याकडे आपल्या गल्लीची मोरी घेऊन जाताना माणूस कचरतो, हे मी अनुभवाने सांगतो.

सगळी अमेरिका अशीच चालते असंही समजू नका. तासा-सव्वा तासावरच्या कोलंबसमध्ये मेयर हाच खरा कारभारी. क्लीव्हलंडने १९२४ मध्ये मॅनेजर आणला आणि १९३१ मध्ये परत पाठवला. एकाच राज्यात इतक्या तऱ्हा, कारण सनद ज्याची त्याने लिहायची.

हे झालं शहराचं. आता आपलं, म्हणजे पत्त्यापुरत्या डेटनकरांचं.

टाउनशिप म्हणजे काय ते आईला फोनवर समजावताना मी म्हणालो, "ग्रामपंचायत समज." फारसं चुकलं नाही. तीन ट्रस्टी आणि एक हिशेबनीस, चौघेही निवडून आलेले. ओहायोत टाउनशिपला आयकर लावता येत नाही. रस्ते, दफनभूमी, झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधायचं याचे नियम), अग्निशमन, अशी कामं तिच्याकडे. आमची गल्ली टाउनशिपच्या रस्त्यांत येते, तेव्हा ती मोरी या तिघांची. मी ज्यांना अकरा सह्यांचा अर्ज पाठवायला हवा होता ते तिघे माझ्या घरापासून पाच मिनिटांवर बैठका घेतात आणि बावीस वर्षांत मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. त्यांच्या बैठकीला गेलो तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर सहा माणसं होती, त्यातलं एक जोडपं शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल बोलायला आलं होतं. दारावर कोणी नागरिकत्व विचारलं नाही. मोरी पुढच्या महिन्यात साफ झाली.

आता हे पाहा. सेंटरव्हिल हे शहर आहे, त्याला स्वतःचा मॅनेजर आणि स्वतःचे पोलिस आहेत, पण तिथे आग लागली तर वॉशिंग्टन टाउनशिपचं अग्निशमन दल जातं. शाळा या दोघांच्याही हाताखाली नाहीत. शाळांचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ आहे आणि त्याची हद्द शहर व टाउनशिप दोन्ही व्यापते. बागांचं मंडळ वेगळं, वाचनालयाचं वेगळं. शाळेच्या वेळापत्रकाबद्दल मेयरकडे तक्रार करायची कल्पना मागे गटावर निघाली होती, तिला म्हणूनच अर्थ नव्हता.

या सगळ्यावर काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. माँटगोमेरी काउंटीचेही तीन कमिशनर, पुन्हा तोच शब्द, पुन्हा निवडून आलेले. आणि त्यांच्याबरोबर मतपत्रिकेवर शेरीफ (काउंटीचा पोलिसप्रमुख), सरकारी वकील, ऑडिटर, खजिनदार, दस्त नोंदणारा, न्यायालयाचा लिपिक. मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर निवडून येतो आणि तो डॉक्टर असावाच लागतो. काउंटीचा अभियंतासुद्धा निवडून येतो, त्याच्याकडे अभियंत्याचा आणि भूमापकाचा असे दोन्ही परवाने हवेत. आपल्याकडे कार्यकारी अभियंत्याने घरोघर मतं मागितल्याचं चित्र डोळ्यापुढे आणा. मला हे अजूनही थोडं विनोदी वाटतं. भूमापकाला मत देताना मी नेमकं काय तपासायचं?

पाण्याची गोष्ट तर याहून मजेदार. डेटन शहर जमिनीखालच्या साठ्यातून पाणी उपसतं, शुद्ध करतं आणि काउंटीला विकतं. काउंटी ते उपनगरांना पुरवते आणि बिल पाठवते. २७ मे २०१९ च्या रात्री टोर्नेडो आले तेव्हा डेटनच्या पंपांची वीज गेली आणि शहराबरोबर आपलेही नळ कोरडे पडले. हद्दीची रेघ नकाशावर होती, नळात नव्हती. पाणी उकळून पिण्याची सूचना आली तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "यात नवीन काय?" सांगलीत आम्ही ते वर्षानुवर्षं करत होतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या जुन्या घराच्या दुसऱ्या पायरीला लागल्याचा फोटो आला.

पुराचं पाणी सांभाळण्यासाठी तर आणखीच एक वेगळी संस्था आहे, मायमी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट. १९१५ साली स्थापन झालेली, ना शहराची ना काउंटीची. पुरानंतर इथल्या लोकांनी केंद्र सरकारच्या मदतीची वाट पाहिली नाही. "माळ्यावर असताना दिलेली वचनं विसरू नका" अशी घोषणा देत वीस लाख डॉलरच्या वर वर्गणीची आश्वासनं जमवली, आणि पुढे ज्या मिळकतींना संरक्षण मिळणार त्यांच्यावरच आकारणी लावून पाच धरणं बांधली. १९२२ पर्यंत ती पूर्ण झाली. या धरणांना दरवाजे नाहीत. एरवी नदी त्यांच्या पोटातून मोकळी वाहते, पूर आला की मावेल तेवढंच पाणी पुढे जातं आणि बाकीचं मागच्या शेतांत थांबतं. दरवाजे किती उघडायचे यावरून दोन राज्यांत होणारे फोन इथे संभवतच नाहीत. हफमन धरणासाठी ऑस्बॉर्न नावाचं गाव उठवावं लागलं, तेव्हा सुमारे चारशे घरं चाकांवर चढवून फेअरफील्डशेजारी नेली. दोन्ही गावांचं १९५० मध्ये लग्न लागून झालं फेअरबॉर्न. तिथे राहणाऱ्या आपल्या मित्रांनी आपलं घर कुठून चालत आलंय ते एकदा पाहावं.

आता खिशाचा विषय. गटावर दर जानेवारीत घरपट्टीच्या पावत्यांचे फोटो येतात आणि "यांनी पुन्हा वाढवली" असं खाली लिहिलेलं असतं. हे "ते" कोण? ओहायोच्या कायद्यानुसार दहा मिलपर्यंतचाच कर मतदान न घेता लावता येतो. मिल म्हणजे करपात्र किमतीच्या हजारावर एक डॉलर, आणि करपात्र किंमत म्हणजे बाजारभावाच्या ३५ टक्के. त्या दहाच्या वरची जवळपास प्रत्येक मिल कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत लोकांनी मंजूर केलेली असते. शाळेची, बागेची, वाचनालयाची, अग्निशमनाची, प्रत्येकाची लेव्ही, म्हणजे मतदानाने मंजूर झालेली करआकारणी, वेगळी. त्यातही १९७६ च्या एका कायद्याने असं केलंय की घरांच्या किमती वाढल्या तरी मंजूर लेव्हीचं उत्पन्न साधारण तेवढंच राहतं. म्हणून शाळांना दर काही वर्षांनी पुन्हा मतं मागावी लागतात. शाळांनी इतकं घरपट्टीवर विसंबून राहणं घटनेला धरून नाही, असं ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलंय. विसंबणं काही सुटलेलं नाही. आपण चांगली शाळा बघून घर घेतलं, जास्त पैसे मोजले, आणि ती शाळा ज्या मतांवर चालते ती मतं द्यायला मात्र गेलो नाही.

दुसरा कर पगारातून जातो. डेटनमध्ये नोकरी असली की डेटनचा आयकर कापला जातो, तुम्ही कुठेही राहत असलात तरी. २०१६ मध्ये डेटनच्या मतदारांनी तो २.२५ वरून २.५ टक्के केला, त्यातला काही भाग बालवाडीसाठी. चांगलंच काम आहे. पण ते ठरवताना बाहेरून कामाला येणाऱ्यांना मत नव्हतं. महामारीत घरून काम केलेल्यांनी ओहायोत ठिकठिकाणी हा कर परत मागितला. सिनसिनाटीच्या एका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये २०२० ची वसुली वैध ठरवली. आपल्यातले काही जण त्या निकालावर अजून चिडून आहेत. चिडायचं तर पूर्ण हिशेब करा: शहराचे रस्ते, दिवे आणि पोलिस आपण दिवसाचे आठ तास वापरतो आणि संध्याकाळी तिथल्या शाळांकडे पाठ फिरवून घरी येतो.

हद्दीच्या या रेघांचा वापर कसा होतो ते बीव्हरक्रीककरांना माहीत आहे. २०११ मध्ये डेटनच्या बससेवेने तिथल्या मॉलजवळ थांबे मागितले. बीव्हरक्रीकच्या कौन्सिलने नाकारले. बसने येणारे बहुतांश कृष्णवर्णीय, कामाला येणारे. महामार्ग ओलांडून त्यांना चालत जावं लागे. एका नागरिक गटाने केंद्राकडे तक्रार केली, २०१३ मध्ये निर्णय कौन्सिलच्या विरोधात गेला, आणि २०१४ च्या सुरुवातीला थांबे आले. त्या काळात आपल्या गणपतीत तिथली निदान चाळीस घरं आरतीला होती. थांब्यांचा विषय मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. मीही काढला नाही. मला बस लागत नव्हती.

म्हणून विनंती. ट्रस्टी, शाळा मंडळ, सिटी कमिशन, या सगळ्यांच्या निवडणुका विषम वर्षी नोव्हेंबरात असतात. राष्ट्राध्यक्ष त्या वर्षी नसतो, टीव्हीवर आरडाओरडा नसतो आणि मतदान केंद्रावर रांगही नसते. ज्यांना नागरिकत्व मिळालंय त्यांनी नमुना मतपत्रिका काउंटीच्या निवडणूक मंडळाकडून आधीच मागवून घ्यावी, ती घरात बसून वाचायला अर्धा तास लागतो. ज्यांचं ग्रीन कार्डच अडकलंय त्यांनाही बैठकीत बसायला कोणी अडवत नाही. यंदा गणपतीच्या कार्यक्रमात एक टेबल मला द्या. मोठा नकाशा आणतो, प्रत्येकाने आपलं घर त्यावर शोधायचं आणि खाली लिहायचं: रस्ता कोणाचा, शाळा कोणाची, आग लागली तर कोण येणार. ज्याला तिन्ही उत्तरं न बघता देता येतील त्याला उकडीचे दोन मोदक जास्त.

आणि टाउनशिपच्या पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. आमच्या मागच्या गल्लीची मोरी बाकी आहे. किराणा दुकानाच्या पार्किंगमधून साडेसहाला गाडी निघेल. चार जागा आहेत.

आपला,
एक सांगलीकर, मुक्काम वॉशिंग्टन टाउनशिप, पोस्ट डेटन